गावभागातला वाडा पुरानंतर सुकवताना

सांगलीत गावभागात ज्यांचं जुनं घर आहे त्यांना पुरानंतर दोन सल्ले हमखास मिळतात. एक, पाडा आणि आरसीसी करा. दुसरा, बिल्डरला देऊन टाका आणि विश्रामबागला फ्लॅट घ्या. २०१९ च्या ऑगस्टनंतर आम्हाला हे नातेवाइकांनी सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं, फ्रीज बघायला आलेल्या मेकॅनिकनंही सांगितलं. आम्ही दोन्ही केलं नाही, वाडा होता तसा लाकूड, माती आणि चुन्यातच दुरुस्त केला. नक्की काय काय केलं ते बरेच जण विचारतात, त्यातले निम्मे तरी असल्याच घरात राहणारे असतात, म्हणून एकदा सलग लिहितेय. लांबणार आहे.

आधी घर सांगते. हे काही सरदारांचं घर नाही, साधं गृहस्थाचं घर आहे. बोळातून पायऱ्या चढलं की दिंडी दरवाजा, आत देवडी, मग मोकळा चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंना सोपा, म्हणजे चौकाकडं उघडी ओसरी, त्याच्यामागं माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागं परसू आणि आड. वर माडी, माडीवर मंगलोरी कौलं. या घराचं माप फुटात सांगत नाहीत, खणात सांगतात, दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, सासूबाई अजून माजघर चार खणी आणि सोपा तीन खणी असंच म्हणतात. जोतं काळ्या दगडाचं, बाहेरच्या भिंती साधारण छातीच्या उंचीपर्यंत दगडमातीच्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचे भेंडे, म्हणजे न भाजलेल्या कच्च्या विटा. जाडी दोन फुटांच्या आसपास. मधला मजला कडीपाटाचा, म्हणजे तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. एवढ्या जाड भिंती बघून वाटतं की घर भिंतींवर उभं आहे. तसं नाहीये. घर खांबांवर उभं आहे, खांब दगडी तळखड्यांवर उभे आहेत, आणि भिंती म्हणजे खांबांच्या मधे आणि बाहेरून भरलेली माती. हे पुढं फार महत्त्वाचं ठरलं.

आणि हे घर नदीच्या इतक्या जवळ का, तर गावभाग म्हणजे मूळचं गाव. राजधानी नंतर आली. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचं मिरजेत चुलत्यांशी, गंगाधररावांशी बिनसलं, ते वेगळे झाले आणि १८०१ मध्ये त्यांनी सांगलीला आपली गादी केली. त्याआधी इथं कृष्णेच्या काठावरचं एक छोटं गाव होतं, घाट, देवळं आणि घाटाला धरून घरं. मग खंदकासकट गणेशदुर्ग झाला, पेठा वसल्या, कारागीर, व्यापारी, विद्वान माणसं आली, गणपतीचं देऊळ उभं राहायला तर कित्येक वर्षं लागली. याच आप्पासाहेबांच्या दरबारात विष्णुदास भावेंनी १८४३ ला सीतास्वयंवर केलं. त्या पन्नास वर्षांत सांगली नदीपासून लांब लांब पसरत गेली, पण पहिलं गाव जिथं होतं तिथंच राहिलं, घाटाच्या वर. प्यायचं पाणी, धुणं, स्नान, नावेनं पलीकडं जाणं, सगळं घाटावरून, कारण आयर्विन पूल १९२९ चा, त्याच्या आधी पलीकडं जायचं म्हणजे नावच. तर ज्यांनी ही घरं बांधली त्यांना नदी काय करते ते पक्कं माहीत होतं. जोतं उंच, खाली दगड, माती वर, धान्याची बळदं आणि कागदपत्रांच्या पेट्या माडीवर. आमच्याकडं अजून गव्हाचं पोतं माडीवरच चढवतात, खाली ठेवलं की सासूबाईंना चैन पडत नाही.

हे जोतं किती उंच होतं ते आता कळतच नाही. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा दारात पाच पायऱ्या होत्या, आता तीन आहेत. पायऱ्या कुणी काढल्या नाहीत, रस्ता वर आला. दर वेळी जुन्या डांबरावर नवीन थर, त्यावर काँक्रीट, असं करत करत बोळ दीड फूट तरी वर आलाय. म्हणजे बांधणाऱ्यांनी पुरासाठी ठेवलेली उंची रस्त्यानं खाल्ली. गावभागातल्या कुठल्याही बोळात जाऊन बघा, जोत्याच्या दगडांचा खालचा थर रस्त्याच्या पोटात गेलेला दिसेल, काही घरांचे तर उंबरेच रस्त्याला टेकलेत. याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हे थांबवायला काही मोठी योजना लागत नाही, नवा थर टाकायच्या आधी जुना खरवडून काढायचा एवढंच.

आता पूर. सांगलीत सगळे आयर्विन पुलाच्या पातळीवर बोलतात. ४० फूट इशारा, ४५ धोका. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं होतं तेव्हा आमच्या सोप्यात पाऊल बुडेल एवढंच आलं होतं, त्यामुळं २०१९ ला सुद्धा आम्ही तेवढंच धरून सामान उचललं, पण पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं आणि माजघरात छातीला लागलं. शिवाय ते लवकर उतरलं नाही. खाली हरिपूरला वारणा मिळते, ती फुगलेली असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, तुंबून राहतं, आणि इथं घरांच्या दृष्टीनं पाणी किती आलं यापेक्षा किती दिवस थांबलं हे जास्त वाईट. माती एक दिवस भिजली तर टिकते, आठवडाभर पाण्यात राहिली की विरघळते.

परत आलो तेव्हा माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यातली आडभिंत पूर्ण खाली बसली होती. ती वरपासून खालपर्यंत भेंड्यांची होती, तिला दगड नव्हताच. चिखलाचा ढीग, त्यात फडताळाची दारं, डबे, देवळीतला दिवा. आणि त्या ढिगावर माडी जशीच्या तशी उभी. भिंत गेली तरी खांब, तुळया, कडीपाट, वरची कौलं, काही हललं नव्हतं. मी लाकडी सांगाडा म्हणजे काय ते त्या दिवशी बघितलं. जुनी माणसं म्हणतात भिंत पडली म्हणून घर पडत नाही, ते अगदी शब्दशः खरं आहे, फक्त अशा घरांबाबत.

पंचनामा झाला, चिखल काढला, पंधरा-वीस दिवसांत चोर गणपती, म्हणजे सांगलीच्या देवळात चतुर्थीच्या आधीच गुपचूप बसवतात ते, बसले आणि त्याच्या मागून चतुर्थी आली, गणपती आम्ही माडीवर बसवला. मग धोकादायक बांधकामाची नोटीस आली. बघायला आलेल्या इंजिनिअरनी पडलेली भिंत बघितली, बाकीच्या भिंतींवर ओल बघितली आणि उतरवून घ्या म्हणून सांगितलं. त्यात मागचा अर्धा वाडा वाटणीत चुलत सासऱ्यांचा, ते पुण्याला असतात, त्यांच्याकडं बिल्डरचा निरोप आधीच गेलेला. काकांची चूक नाही, पुण्यात बसून त्यांना फोटोत चिखलच दिसत होता. पण नदीकाठी निळ्या रेषेच्या, म्हणजे आखून दिलेल्या पूररेषेच्या आत नवीन बांधायचं तर नियम कडक आहेत, त्यामुळं पाडल्यावर नक्की काय आणि किती बांधायला मिळेल हे कुणी लेखी सांगेना, आणि या एका मुद्द्यावर काका थांबायला तयार झाले. ते म्हणाले, "आधी कुणीतरी जाणत्या माणसाला दाखवा, मग ठरवू."

कोल्हापुरात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं शिकलेल्या एक ताई आहेत, त्या आल्या. त्यांनी पहिल्यांदा भिंतींना हातच लावला नाही. घर मोजलं. प्रत्येक खण, प्रत्येक खांब, कुठला खांब मोकळा आहे आणि कुठला भिंतीत गाडलेला, कुठली तुळई कशावर टेकलीय. मोजताना कळलं की देवघराची एक बाजू नंतर घातलेली आहे, तिथं पूर्वी दार होतं, चौकट आतमधे अजून होती. सासूबाई म्हणाल्या, "अहो ते दार माझ्या सासूबाईंच्या वेळेला बंद केलं, घाटाकडं जायची वाट होती ती." ट्रंकेतला एक मोडी कागद वाचून घेतला, त्यात चतुःसीमा दिलेली, पश्चिमेस नदीकडे जाण्याची बोळ. बोळ आता नाही, तिथं शेजाऱ्यांची न्हाणी आहे. असं घर वाचता येतं हे मला फार आवडलं, आणि खरं तर पाडायचं नाही हे माझ्या मनात तिथंच पक्कं झालं.

मग त्यांनी हरिपूरकडच्या एका जुन्या गवंडी मिस्त्रींना बोलावलं, सत्तरीला आलेले, चुन्याचं काम त्यांनी वडिलांकडं शिकलेलं. मिस्त्रींनी सोप्यातल्या भिंतीवर बोटानं टकटक केलं, एका जागी पोकळ आवाज आला, तिथं छिन्नी लावली तर हाताएवढा सिमेंटचा पापुद्रा पडला आणि मागून माती ओली लगद्यासारखी बाहेर आली. पाणी ओसरून तेव्हा दोन महिने होऊन गेले होते.

"वैनी, हिचं तोंड बांधलंय ओ शिमिटानं," मिस्त्री म्हणाले. "पायातनं पाणी प्यालीया आन बाहेर टाकायला जागाच न्हाई."

गोष्ट अशी की २००५ च्या पुरानंतर सासऱ्यांनी खालच्या सगळ्या भिंतींना चार-साडेचार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि स्वयंपाकघरात टाइल्स करून घेतल्या होत्या. त्या वेळी गावभागात सगळ्यांनी तेच केलं, पुन्हा पाणी आलं तर भिंत भिजू नये म्हणून, आणि त्या काळात ते शहाणपणाचंच वाटत होतं. पण मातीची भिंत कधीच पूर्ण कोरडी नसते, जमिनीतली ओल तिच्यात चढत असते आणि पृष्ठभागावरून हवेत जात असते. सिमेंट तिला जाऊ देत नाही. मग ओल सिमेंटच्या आत अडकते, जिथं सिमेंट संपतं तिथपर्यंत वर चढते आणि तिथून बाहेर पडते. आमच्याकडं साडेचार फुटांच्या वर रंगाचे पोपडे दर वर्षी निघायचे आणि आम्ही दर वर्षी तिथं पुट्टी भरायचो, त्याचं कारण हे. आणि पुराचं पाणी आत घुसायला सिमेंट काही अडवत नाही, ते जमिनीतून, सांध्यांतून, पलीकडच्या बाजूनं शिरतं, अडतं ते फक्त बाहेर पडताना.

म्हणून पहिलं काम जोडायचं नाही, काढायचं. सगळा सिमेंटचा गिलावा काढला, पाण्याची खूण जिथं होती त्याच्या वर दोन फुटांपर्यंत. हे काम मशिननं करायचं नाही, ब्रेकर लावला की हादऱ्यानं मातीच निखळते, छिन्नी-हातोडीनं एकेक तुकडा. स्वयंपाकघरातल्या टाइल्स काढल्या, जमिनीवरची फरशी उचलली, कारण फरशीच्या खाली सुद्धा सिमेंट काँक्रीट ओतलेलं होतं आणि जमिनीची ओल तिथून सुटायला वाट नसल्यानं ती भिंतीकडं वळत होती. परसातली काँक्रीटची पट्टी जोत्यापासून हातभर तोडली. घर अक्षरशः उघडं केलं, आणि मग महिनोन्महिने काहीच केलं नाही. दारंखिडक्या उघड्या, दिवसा फॅन, आणि वाट बघायची. हा सगळ्यात अवघड भाग आहे असं मी सांगेन. येणारा प्रत्येक जण विचारतो काम का बंद आहे. हॅलोजन लावून भट्टीसारखं तापवू नका असं ताईंनी निक्षून सांगितलं होतं, फार भराभर सुकवलं तर माती चिरते आणि लाकूड पिळतं.

सुकताना भिंतीवर पांढरा खार फुटायला लागला, काही ठिकाणी कापसासारखा. तो बघून आम्ही घाबरलो, पण तो फुटणं चांगलं असतं, पाणी जाताना आतले क्षार बाहेर आणून सोडतंय. मात्र तो पाण्यानं धुवायचा नाही, धुतला की विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशनं झाडायचा, खाली कागद पसरून गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा, परत फुटला की परत झाडायचा. सासूबाईंनी हे काम स्वतःकडं घेतलं होतं, रोज सकाळी पूजेच्या आधी ब्रश घेऊन एक फेरी. सिमेंटच्या मागं हेच क्षार अडकून तिथंच स्फटिक बनतात, फुगतात आणि मातीचा भुगा करतात.

गिलावा काढल्यावर भिंतीतले खांब दिसले आणि खरा धोका कुठं होता तो कळला. सोप्यातले मोकळे खांब, तळखड्यावर उभे, चारी बाजूंनी हवा लागणारे, सगळे ठणठणीत. भिंतीत गाडलेल्या खांबांपैकी जे सिमेंटच्या मागं होते त्यांच्या तळाला लाकूड हातानं चुरत होतं. पूर नसता आला तरी हे कधीतरी बसलेच असते, आणि आपल्याला कळलंही नसतं. यासाठी जयसिंगपूरकडचे एक सुतार आले. तुळईखाली दोन्ही बाजूंनी लोखंडी जॅक लावले, भार अलगद त्यांच्यावर घेतला, उचलायचं नाही, फक्त धरायचं, मग खांबाचा कुजलेला पाय निरोगी लाकूड लागेपर्यंत कापला आणि तिरका सांधा करून जुन्याच सागवानाचा नवीन पाय जोडला, लाकडी खुंट्या मारून. जुनं सागवान मिरजेत पाडलेल्या एका घराचं मिळालं. नवीन लाकूड नको होतं कारण ते सुकताना आकसतं आणि सांधा ढिला होतो. खाली तळखडा होता तोच, साफ करून परत बसवला. त्या दिवशी मी चौकात बसून होते, कुणी मोठ्यानं बोललं तरी नको वाटत होतं. संध्याकाळी जॅक सैल केले, वर माडीवर गेलो, जमीन तसूभर हलली नव्हती.

पडलेली भिंत परत मातीचीच केली. विटा-सिमेंटची का नाही असं सगळ्यांनी विचारलं. सांगाडा लाकडाचा आहे, तो पावसाळ्यात थोडा फुगतो, उन्हाळ्यात थोडा आकसतो, माती त्याच्याबरोबर हलते, सिमेंटची भिंत हलत नाही आणि मग सांध्यात फट पडते. शिवाय माल घरातच पडलेला होता. चिखलाचा जो ढीग बाहेर टाकायचा होता त्यातल्या लाकडाच्या काटक्या, काचा, प्लॅस्टिक वेचून काढलं, माती चाळली, परसात भिजत घातली, भुसा मिसळून पायानं तुडवली आणि साच्यात त्याचेच भेंडे पाडले. फक्त या वेळी खालचे चार फूट दगडात घेतले. मिस्त्री म्हणाले, "पांढरीची माती हाय, दुसरी आणली तर अशी न्हाई मिळायची." पांढरी म्हणजे जुन्या गावठाणाची जागा. या मातीवरचा इथल्या माणसांचा भरवसा जुना आहे. हरिपूरला जमिनीत पेवं खणून त्यात हळद वर्षानुवर्षं साठवायचे, तिला कीड लागत नसे. २००५ च्या पुरात त्या पेवांतही पाणी शिरलं आणि बरीचशी गेली.

चुन्याचं सांगते कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. दुकानात भिंत रंगवायला मिळतो तो चुना चालत नाही. कळीचा चुना लागतो, भट्टीत भाजलेले खडे. ते पाण्यात टाकले की पाणी खदखदून उकळतं, त्यामुळं लहान मुलांना लांब ठेवायचं, डोळ्याला चष्मा, हाताला रबरी मोजे, यात हयगय नको. विझलेला चुना चाळून घ्यायचा आणि हौदात पाण्याखाली मुरत ठेवायचा, जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो, आम्ही कित्येक आठवडे ठेवला. पूर्वी चुन्याच्या घाण्यात दगडी चाकाखाली बैल लावून दळायचे, आता बैलही नाही आणि घाणाही नाही, छोटा मिक्सर भाड्यानं आणला. चुना, नदीची धुतलेली वाळू आणि सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांचा चुरा. ओलीच्या जागी सुरखी हवीच, नुसता चुना हवेनं घट्ट होतो, सुरखीमुळं तो ओलसर जागीही धरतो. त्यात मिस्त्री गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालायचे, गूळ मार्केट यार्डातून, आणि ताग बारीक कापून. प्रमाण त्यांच्या हातात होतं, वाळू बघून कमीजास्त करायचे, ते मी लिहून देऊ शकत नाही आणि कुणाचं वाचूनही करू नका, आधी एका कोपऱ्यात नमुना लावून महिनाभर बघा.

गिलावा पातळ थरात, एकावर एक. आधी भिंत शिंपडून ओली करायची, थर मारायचा, दाबायचा, आणि मग ओली गोणपाटं टांगून त्याला भराभर सुकू द्यायचं नाही. चुना पाणी उडाल्यानं घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडी होतो, आणि त्याला ओल आणि वेळ दोन्ही लागतं. कडक उन्हाळ्यात आणि मुसळधार पावसात हे काम धरू नये. आमचं नेमकं मार्च २०२० ला पहिला थर झाला आणि लॉकडाऊन लागला. मिस्त्री हरिपूरला अडकले, चुना हौदात. पण चुन्याचं हे बरं आहे की पाण्याखाली असेल तर तो खराब होत नाही, उलट मुरतो. फोनवर ते सांगायचे, "पानी आटू देऊ नका, बाकी काय करू नका." आम्ही रोज पाणी बघायचो. बाहेर सगळं बंद, आणि घरात एक भिंत सावकाश घट्ट होत होती, माझ्यासाठी ते दिवस त्या भिंतीमुळं सुसह्य झाले असं म्हटलं तर खोटं नाही.

पावसाळ्यानंतर बाकीचे थर झाले. वर ऑइलपेंट, प्लॅस्टिक पेंट काही नाही, चुन्याचीच सफेदी, थोडी पिवळी माती घालून. जमिनीला शहाबादी फरशी, खाली काँक्रीट न करता मुरूम आणि चुन्यात बसवलेली. वीज सगळी वरून घेतली, बोर्ड डोक्याच्या उंचीला, २०१९ च्या खुणेच्या वर, हे मात्र चुना असो सिमेंट असो सगळ्यांनीच करावं. खर्चाचं विचाराल तर मालाचा खर्च सिमेंटपेक्षा फार नाही, मजुरी जास्त, कारण वेळ जास्त. पण नवीन बांधायच्या मानानं खूपच कमी. धोकादायकच्या नोटिशीला ताईंच्या मोजमापांसकट आणि खांबांच्या फोटोंसकट उत्तर दिलं, परत बघायला माणूस आला, आणि ते प्रकरण मिटलं. कागद तयार ठेवा, तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.

मग जुलै २०२१. परत पाणी, आयर्विनला ५४-५५ फूट. आमच्या माजघरात गुडघ्याच्या खाली. मी खरं सांगते, माडीवरून खाली बघताना नव्या गिलाव्याकडं बघवत नव्हतं. पाणी उतरलं, चिखल धुतला, भिंतीचा खालचा भाग काळपट ओला. एक आडभिंत नाही पडली, एक भेंडा नाही सुटला. काही ठिकाणी सफेदी निघाली, दोन जागी गिलाव्याला बारीक चिरा गेल्या. दारंखिडक्या उघडून ठेवल्या, आणि दिवाळीला खालच्या खोल्यांत झोपता आलं. २०१९ नंतर याच खोल्यांना वर्षभर वास होता. निघालेल्या जागी मिस्त्रींनी चुन्याचा हात मारला, तुकडा नव्यात नवा जुन्यात जुना असा मिसळून गेला, सिमेंटच्या भिंतीवर ठिगळ कायम दिसतं.

सगळं झालेलं नाही. काकांच्या वाटणीतल्या स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला अजून सिमेंट आहे, आणि तेवढी एकच भिंत पावसाळ्यात आमच्या बाजूनं ओल देते. २०२१ चं बघून काकांनी त्यालाही होकार दिलाय, ते काम पावसाळा संपला की धरणार. बोळाचा रस्ता परत करायचं चाललंय, आम्ही दहा-बारा घरांनी सह्या करून लेखी दिलंय की जुना थर काढल्याशिवाय नवा टाकू नका, आणि पायऱ्यांचे फोटो जोडलेत. समोरच्या घरानं यंदा गिलावा काढायला घेतलाय, त्यांचा चुना आमच्याच परसातल्या हौदात भिजतोय. कुणाला बघायचं असेल तर गिलावा चालू असताना या, झाल्यावर नाही, झाल्यावर नुसती पांढरी भिंत दिसते आणि त्यातून काही कळत नाही.